दोनदा टिचकी मारली, आणि चित्र कुठे गेले?

चाकण-तळेगाव रस्त्यालगतचे महाळुंगे आता नावापुरतेच खेडे उरले आहे. बजाज ऑटोचा 'चाकणचा' म्हणून ओळखला जाणारा कारखाना याच गावच्या हद्दीत येतो, आणि पाळी बदलण्याच्या वेळी कामगारांच्या बसगाड्या सुटल्या की पायी चालणाऱ्याने रस्ता ओलांडण्याचा विचार सोडून द्यावा, अशी स्थिती असते. येथील एका शाळेत नववीच्या वर्गापुढे पृष्ठताणाविषयी बोलण्यास आम्ही गेलो होतो. बरोबर पेन ड्राइव्हवर सहा छोट्या चित्रफिती होत्या. नळाच्या तोंडाशी थेंब लोंबतो, त्याची मान बारीक होत जाते, तुटते, आणि तुटलेल्या मानेचा एक इवलासा उपथेंब मोठ्या थेंबाच्या मागोमाग पडतो. डोळ्यांना कधी न दिसणारी ही गोष्ट आमच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थिनीने मोबाइलच्या मंदगती कॅमेऱ्याने टिपली होती. तासिका पस्तीस मिनिटांची होती.

पहिल्या फाइलवर दोनदा टिचकी मारली. प्लेअर उघडला, टपटप आवाज आला, पडदा काळाच राहिला. दुसरी फाइल, तोच प्रकार. तिसरी फाइल भलत्याच प्लेअरमध्ये उघडली, आणि त्याने 'ही फाइल चालवता येत नाही' असे सांगून हात झटकले. वर्गावरील बाई ओशाळून म्हणाल्या, "सर, काल तर चालत होतं हो." काल चालत होते ते दुसऱ्या फाइलींवर, हे नंतर कळले. आम्ही संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. (डॉक्टरेट मिळवलेला माणूसही अखेर हेच करतो.) शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून आला, फाइलवर राइट क्लिक केले, 'याने उघडा' मधून तिसरेच नाव निवडले, आणि थेंब पडद्यावर लोंबू लागला. पुढची फाइल उघडताना पुन्हा पहिलाच प्लेअर हजर. असे करत करत सतरा मिनिटे गेली.

या सतरा मिनिटांचा राग आम्हाला फारसा नाही. चुकले ते आमचेच, कारण आदल्या दिवशी त्याच संगणकावर फाइली चालवून पाहणे आमचे काम होते. राग आहे तो तासानंतर ऐकलेल्या वाक्यांचा. बाई म्हणाल्या, "आमचा संगणक जरा लहरी आहे." एक मुलगी म्हणाली, "सर, तुमची फाइल खराब होती का?" या दोन्ही वाक्यांत निदान नव्हते. ज्या यंत्राच्या आत लहर नावाची वस्तूच नाही, त्याच्याविषयी शिक्षक आणि विद्यार्थी ग्रहनक्षत्रांविषयी बोलावे तसे बोलत होते. त्यांना असे बोलावयास लावणारी एक रचना आहे, आणि आमची तक्रार त्या रचनेविरुद्ध आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. महाळुंग्याच्या मुलांना समजेल असा दाखला आम्हाला त्याच वर्गात सापडला, कारण निम्म्या मुलांचे पालक कारखान्यात आहेत. दहा मिलिमीटरचा बोल्ट घ्या. त्याचे आटे दोन प्रकारचे मिळतात: नेहमीचे दीड मिलिमीटर अंतराचे, आणि बारीक सव्वा मिलिमीटरचे. डोके तेच, पाना तोच. बाहेरून पाहून दोन्ही सारखेच. पण एकाची चाकी दुसऱ्यावर एक-दोन फेऱ्यांच्या पुढे जात नाही, आणि जोर लावला तर आटे मरतात.

व्हिडिओ फाइलचेही असेच आहे, फक्त थर तीन आहेत. सर्वांत बाहेर नावाचे शेपूट: टिंब आणि पुढची तीन-चार अक्षरे, एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही. त्याच्या आत डबा, म्हणजे चित्र, आवाज आणि असल्यास उपशीर्षके एकत्र कशी रचली आहेत याची मांडणी. मायक्रोसॉफ्टचा एव्हीआय डबा १९९२ सालचा. एमपी४ हा डबा ॲपलच्या क्विकटाइमच्या मांडणीवरून पुढे प्रमाणित झाला. २००२ मध्ये सुरू झालेल्या मात्रोस्काचे, म्हणजे एमकेव्हीचे, नाव रशियातील एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्यांवरून घेतले आहे, आणि ते अगदी समर्पक आहे. डब्याच्या आत प्रत्यक्ष चित्र, तेही दाबून लहान केलेले. ते दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ ही रीत २००३ ची, एचईव्हीसी ही २०१३ ची. दुसरी पहिलीपेक्षा जागा पुष्कळ वाचवते, म्हणून अलीकडचे अनेक मोबाइल तीच वापरतात. पण तिच्यावर पेटंटांचे हक्क आहेत, आणि म्हणून काही संगणकांबरोबर ती उलगडण्याचे साधन येत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. आमच्या थेंबांचे हेच झाले होते. डबा ओळखीचा, आवाजाची रीत ओळखीची, चित्राची रीत अनोळखी. म्हणून टपटप ऐकू आली आणि पडदा काळा राहिला.

आता दोनदा टिचकी मारल्यावर संगणक यातील किती थर पाहतो? विंडोजमध्ये फक्त पहिला. नावाचे शेपूट वाचायचे, त्या शेपटापुढे कोणत्या प्रोग्रॅमचे नाव लिहिले आहे ते यादीत पाहायचे, आणि फाइल त्याच्या हवाली करायची. फाइलच्या आत काय आहे याची चौकशी होत नाही. बोल्टचे आटे न पाहता पान्याच्या मापावरून चाकी निवडण्यासारखेच हे आहे.

त्यावर कडी म्हणजे हे शेपूटही दाखवायचे नाही, असा रिवाज विंडोज ९५ पासून आहे. ओळखीच्या प्रकारच्या फाइलींची शेपटे मुळातच झाकलेली असतात, ती दिसावीत म्हणून मुद्दाम एक खूण बदलावी लागते. ज्या एका गोष्टीवरून यंत्र निर्णय घेते तीच गोष्ट वापरणाऱ्यापासून लपवायची, याचे समर्थन 'नवख्याचा गोंधळ होऊ नये' असे केले जाते. आमच्या मते गोंधळ यानेच होतो. शिवाय चित्रफितीचे सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम ओळखण्याची एक साधी खूणही झाकली जाते. शिक्षकांनी या लेखातील दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण शाळेच्या संगणकावर शेपटे उघडी करावीत.

दुसरे मार्ग नव्हते असे नाही. १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये प्रत्येक फाइलसोबत दोन चार-अक्षरी खुणा साठवलेल्या असत, एक फाइलच्या प्रकाराची आणि दुसरी ती बनवणाऱ्या प्रोग्रॅमची. नाव काहीही ठेवा, फाइल आपल्या जन्मदात्याकडे जाई. यालाही दोष होते. फाइल दुसऱ्या जातीच्या संगणकावर गेली की खुणा गळून पडत, आणि ॲपलने पुढे ही पद्धत मागे टाकली. युनिक्सच्या परंपरेत 'फाइल' नावाचीच एक छोटी आज्ञा आहे. ती नावाकडे न पाहता फाइलमधील सुरुवातीची अक्षरे वाचते आणि आत काय आहे ते सांगते. हे शक्य होते, कारण बहुतेक प्रकारच्या फाइली आपली ओळख आपल्या कपाळावर लिहूनच जन्माला येतात.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. मोबाइलवर काढलेल्या दोन-तीन सेकंदांच्या एमपी४ चित्रफितीची एक प्रत करा. मूळ फाइलला हात लावू नका. शेपटे उघडी करून प्रतीचे शेपूट 'टीएक्सटी' असे बदला. आता दोनदा टिचकी मारली की चित्रफीत नोटपॅडमध्ये उघडेल आणि अगम्य चिन्हांचा समुद्र दिसेल. अगदी पहिल्या ओळीच्या आरंभी पाहा. रोमन लिपीत एफ, टी, वाय, पी ही चार अक्षरे सुवाच्य दिसतील. एमपी४ डब्याची हीच ओळख. बंद करताना काहीही सेव्ह करू नका. मग त्याच प्रतीचे शेपूट बदलून एव्हीआय करा आणि ती व्हीएलसीसारख्या प्लेअरला द्या. शेपूट खोटे असूनही चित्र चालेल, कारण हा प्लेअर नावावर न विसंबता कपाळ वाचतो. नाव आणि वस्तू यांतील फरक शिकवण्यास याहून स्वस्त प्रयोग आम्हाला ठाऊक नाही.

मराठी शिक्षकांना हा रोग नवा नाही. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली प्रश्नपत्रिका छापखान्यात नेली आणि तिथे पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसला, हा अनुभव ज्यांनी घेतला नाही असे मुख्याध्यापक विरळा. तिथेही फाइलमध्ये मराठी नव्हतेच. होते ते अक्षरांचे क्रमांक, त्यांना मराठीचे रूप त्या-त्या यंत्रावरचा फॉन्ट देत असे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हे दुखणे बरेचसे हटले. चित्रफितींच्या बाबतीत सर्वांनी मान्य केलेला असा एकच क्रमांक नाही, पुढेही होईल असे दिसत नाही, कारण दाबण्याच्या रीती सुधारत राहणार. म्हणून एकसारखेपणाची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण फाइल उघडताना यंत्राने आत डोकावावे, आणि न जमल्यास 'चित्र एचईव्हीसी रीतीचे आहे, ते उलगडण्याचे साधन माझ्यापाशी नाही' असे स्वच्छ सांगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. काळा पडदा आणि टपटप आवाज हे उत्तर नव्हे.

आता तिसऱ्या फाइलकडे येऊ, जी भलत्याच प्लेअरने पळवली. तळेगाव चौकात एसटीतून उतरल्यावर प्रवाशाची पिशवी आधी हातात घेणारे आणि मग 'कुठं जायचंय?' विचारणारे रिक्षावाले वाचकांनी पाहिले असतील. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकावर तोच प्रकार चालला होता. ॲपलचा क्विकटाइम १९९१ चा, रिअलप्लेअर १९९५ चा, आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा प्लेअर विंडोजबरोबरच येणारा. नवा प्लेअर बसवला की तो दिसतील तेवढी शेपटे आपल्या नावावर करून घेई, जुना पुन्हा उघडला की तो ती परत मागे. जुलै १९९८ मध्ये रिअलनेटवर्क्सचे रॉब ग्लेझर यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे प्रात्यक्षिक करून दाखवले, की मायक्रोसॉफ्टचा प्लेअर बसवल्यावर त्यांचा प्लेअर चालेनासा होतो. मायक्रोसॉफ्टचे उत्तर असे, की दोष रिअलप्लेअरच्याच आज्ञावलीत आहे. त्याच वर्षी ॲपलतर्फेही अमेरिकी न्यायालयात क्विकटाइमविषयी तशीच तक्रार नोंदवली गेली.

युरोपात हे प्रकरण फार पुढे गेले. २४ मार्च २००४ रोजी युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि प्लेअर नसलेले विंडोज विकण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २००५ मध्ये रिअलनेटवर्क्सशी ७६ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. प्लेअरविना विंडोज बाजारात आले, त्याच्या नावामागे 'एन' हे अक्षर होते, आणि किंमत प्लेअरसह मिळणाऱ्या विंडोजएवढीच! अर्थात ते फारसे कोणी घेतले नाही. 'लोकांनीच नाकारले' असा याचा अर्थ काढणारे भेटतात. सारख्याच पैशात एक वस्तू कमी घेण्यास कोण जाईल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

यानंतरचा टप्पा शिक्षकांच्या रोजच्या अनुभवाचा आहे, म्हणून त्याकडे नीट पाहू. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'हे शेपूट कोणी उघडायचे' या नोंदीवर एक सांकेतिक मोहोर बसवली गेली. वापरणाऱ्याने स्वतः निवड केली तरच मोहोर जुळते, एखाद्या प्रोग्रॅमने परस्पर नोंद बदलली तर जुळत नाही. कल्पना चांगली आहे, पिशवी ओढणाऱ्यांना तिने आळा घातला, आणि तिचे श्रेय देण्यात आम्हाला संकोच नाही. पण मोहोर न जुळल्यास काय करायचे? विंडोज १० मध्ये अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते, की कोणत्या तरी प्रोग्रॅममुळे निवडीत अडचण आली म्हणून ती पूर्ववत केली आहे. हा 'पूर्ववत' शब्द तपासून पाहावा. वापरणाऱ्याने आधी निवडलेला प्लेअर परत येत नाही, येतो तो विंडोजचा स्वतःचा. कोणत्या प्रोग्रॅममुळे अडचण आली त्याचे नावही नसते. पंचाने दोन खेळाडूंचे भांडण थांबवावे आणि चेंडू आपल्या खिशात घालावा, असा हा न्याय आहे. जुलै २०१५ मध्ये मोझिलाच्या प्रमुखांनी मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहिले, ते ब्राउझरविषयी होते, पण दुखणे हेच: नव्या आवृत्तीत जाताना वापरणाऱ्याच्या जुन्या निवडी पुसल्या जातात. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तर एकेका शेपटाची निवड स्वतंत्र करण्यावर भर दिला. एमपी४ ची एक, एमकेव्हीची दुसरी, एव्हीआयची तिसरी. आमची तिसरी फाइल वेगळ्या शेपटाची होती, हे एव्हाना वाचकांच्या ध्यानात आले असेल.

मोबाइलवर हीच निवड 'फक्त एकदा' आणि 'नेहमी' अशा दोन बटणांनी विचारतात. हे आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते, कारण प्रश्न ज्या क्षणी उद्भवतो त्याच क्षणी तो विचारला जातो. घाईत 'नेहमी' वर बोट पडले की मात्र ते परत घेण्याची जागा सहज सापडत नाही.

परदेशी कंपन्यांना बोल लावून थांबलो तर अन्याय होईल. आपल्याकडेही एक प्रकरण घडले आहे. वर उल्लेखिलेला व्हीएलसी हा प्लेअर पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आला. २००१ पासून तो मुक्त आज्ञावली म्हणून सर्वांना खुला आहे. बहुतेक डबे आणि रीती उलगडण्याची साधने तो स्वतःच बरोबर आणतो, म्हणून गरीब शाळांना तो फार उपयोगी. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचे अधिकृत संकेतस्थळ भारतात बंद झाले. बंदीचा आदेश जाहीर झाला नव्हता, कारण सांगितले गेले नव्हते. ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस गेली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये स्थळ पुन्हा उघडले. मधल्या नऊ महिन्यांत ज्या शिक्षकाला प्लेअर हवा होता त्याने काय केले असेल? शोधयंत्रात नाव टाकले असेल आणि जे पहिले पान आले तेथून उतरवून घेतले असेल. सुरक्षेसाठी मूळ झरा बंद केला तर लोक डबक्यातून पाणी भरतात. संशय खरा असता तर तो उघडपणे सांगून लोकांना सावध करणे हाच मार्ग होता. 'कोडेकचा गठ्ठा' म्हणून वाटेल त्या ठिकाणी मिळणाऱ्या वस्तूंबाबतही आमचे हेच सांगणे आहे. त्या उतरवू नयेत. त्यांतल्या कित्येकांत हवे ते कमी आणि नको ते जास्त असते.

आणखी एक बोट आपल्याच दिशेने. संगणकाच्या तासाला मुले 'डीफॉल्ट प्रोग्रॅम कसा बदलाल?' याची पाच पायऱ्यांची यादी पाठ करतात. पुढच्या आवृत्तीत मेनूची जागा बदलली की यादी निरुपयोगी. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने यादी पाठ केलेली नव्हती, त्याने एक चल बदलून पाहिला. ही तर विज्ञानाच्या तासाची रीत! काळ्या पडद्याचे संशयित तीनच: फाइल बिघडलेली, प्लेअर असमर्थ, किंवा जोडणी चुकीची. तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये चालली तर फाइल सुटली. त्याच पहिल्या प्लेअरमध्ये त्याच शेपटाची दुसरी फाइल चालली तर प्लेअर सर्वस्वी नादुरुस्त नाही, त्याला ही विशिष्ट रीत येत नाही. आणि प्लेअर आधी उघडून फाइल त्यात ओढून टाकली की चालते, पण टिचकीने चालत नाही, तर दोष जोडणीत. तीन मिनिटांचे काम. आम्ही स्वतः त्या दिवशी हे न करता संगणक बंद-चालू करत बसलो, याची लाज अजून वाटते.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. वर्गात दाखवायची चित्रफीत आधीच एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज अशा एमपी४ मध्ये बदलून ठेवावी. हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम ते काम करतो, आणि ही जोडी जवळजवळ सर्वत्र चालते. आत कोणती रीत आहे ते व्हीएलसीच्या साधनांच्या मेनूत कोडेकच्या माहितीखाली दिसते. कायमची जोडणी बदलायची तर फाइलवर राइट क्लिक करून गुणधर्म उघडावेत आणि 'याने उघडते' समोरचे 'बदला' दाबावे. ते प्रत्येक शेपटासाठी वेगळे करावे लागेल. वर्गासमोर असताना मात्र टिचकीच्या नादी लागू नये, सरळ प्लेअर उघडून फाइल त्यात टाकावी.

महिन्याभराने आम्ही त्याच शाळेत पुन्हा गेलो, फाइली बदलून. थेंब एका टिचकीत लोंबले, तुटले, उपथेंबही दिसला. बाईंनी मधल्या काळात नोटपॅडचा प्रयोग वर्गात केला होता. ज्या मुलीने 'फाइल खराब होती का?' असे विचारले होते, तिने आता विचारले, "सर, एफटीवायपीच्या आधी थोडी मोकळी जागा दिसते, तिथं काय असतं?" तिथे चार बाइट असतात, आणि त्यांत त्या पहिल्या कप्प्याची लांबी लिहिलेली असते, बहुधा २४, २८ किंवा ३२. नोटपॅडला ते अंक म्हणून वाचता येत नाहीत, म्हणून जागा मोकळी दिसते. "म्हणजे कप्पे आणखी पण असतात?" असतात. उरलेला तास कप्प्यांतच गेला, पृष्ठताण पुढच्या वेळेवर राहिला.